पाच-पंचवीस मेंढरं

१

नवाब जागेवर नव्हता.

खुंटा होता, दावं होतं, घमेल्यात अर्धवट खाल्लेला मका होता. एडका तेवढा गायब. कासाबाई गंगाखेडहून परतली, हातातली पिशवीही न ठेवता मागच्या गोठ्यात गेली, आणि तिनं जी बोंब ठोकली ती राणीसावरगावच्या वेशीपर्यंत ऐकू गेली.

आता एडका तो एडकाच, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणालं तर त्यानं नवाबला पाहिलेलं नाही एवढंच समजायचं. आई मेलेलं हे कोकरू कासाबाईनं बाटलीच्या दुधावर वाढवलं, चुलीपाशी गोणपाटात निजवलं. पुढं आपल्या मेंढ्यांना त्याचा वाण धरायला चार गावचे मेंढके तिच्या दारात येऊन बसायला लागले. गुण मात्र असा, की घरच्या माणसांखेरीज कुणी जवळ गेलं की शिंगं खाली! पोस्टमनला त्यानं दोनदा लोळवलेलं. असा दांडगा जीव भरदिवसा मागच्या बोळानं कुणी नेला, आणि शेजारच्या ओट्यावर बसलेल्या बायनाबाईला साधं 'बें' ऐकू आलं नाही.

मग गाव कुठं होतं? तर गाव होतं गंगाखेडात, एका बंद शटरसमोर. आणि गावाला तिकडं धाडलं होतं धनाबाईनं.

धनाबाई म्हणजे बाई नव्हे. गावातल्या मेंढपाळांनी मिळून कंपनी काढलेली, आणि कंपनीनं जिंतूरच्या धनश्री नावाच्या कॉम्प्युटर शिकलेल्या पोरीला बोलावून व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तर देणारा बॉट करून घेतलेला. लिहिता-वाचता न येणाऱ्यानं फोन तोंडाशी धरून विचारायचं, बॉटनं बोलून उत्तर द्यायचं. आवाज धनश्रीचा, तिनं दिवसभर वाचून वाचून तो मशीनला शिकवलेला. म्हणून गावानं नाव ठेवलं धनाबाई. सकाळी उठलं की जो तो विचारायचा, "काय खबर, धनाबाई?"

त्या सकाळी धनाबाई गोड आवाजात म्हणाली, "मेंढरांच्या विम्यासाठी अंगठा द्यायला आज प्रत्येक सभासदानं स्वतः गंगाखेडला यावं. येणार नाही त्याचं नाव कटेल." नाव कटेल म्हटल्यावर कोण घरी बसतंय? कासाबाईचा नवरा सटवाजी पहाटेच मेंढरं घेऊन रानात गेलेला, म्हणून ती एकटीच पहिल्या एसटीनं गेली. तिकडं ना विमा, ना अंगठा.

धनश्री राहायलाही कासाबाईच्याच ओसरीवर. दोन महिने तिच्या हातची भाकरी खाल्लेली. कासाबाईनं तिची वळकटी उचलून रस्त्यावर फेकली.

"माझं मीठ खाऊन माझ्याच नवाबावर डाव साधलीस गं! सांग, आवाज तुजाच हाय का न्हाई?"

"आवाज माझाच आहे माय," धनश्री रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण ते मी बोललेच नाही."

जमलेल्या गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात गंगाखेड ठाण्याच्या हवालदार शीलाबाईंची स्कूटी दारात येऊन थांबली.

२

शीलाबाईंचा स्वभाव जन्माचा संशयी. दुकानदारानं सुटे पैसे हसून दिले तरी त्या नोट उजेडाला धरून बघायच्या. नवरा गमतीनं म्हणायचा, तू देवळातसुद्धा आधी चपला कुणाच्या शेजारी काढल्यात ते बघतेस. त्यांचं माहेर मेंढरांचं. त्यामुळं एडक्याची चोरी म्हटल्यावर साहेबांनी त्यांनाच पिटाळलं, आणि बजावलं की संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे.

नाव तर तयारच होतं. कंपनीचे सचिव राजेश्वर यांनी धनश्रीच्या नावानं तक्रार लिहून ठेवलेली. साहेबांची सही तेवढी व्हायची होती.

शीलाबाईंनी आधी गोठा पाहिला. कासाबाई तो रोज सकाळी झाडते, आजही झाडूनच गेलेली. खुंट्याजवळ भुशात एक बारकं प्लास्टिकचं टोपण सापडलं, इंजेक्शनच्या सुईचं असतं ना, तसं. ते त्यांनी गुपचूप पर्समध्ये टाकलं. मग रस्त्यावरची वळकटी उचलून धनश्रीला बायनाबाईच्या ओट्यावर घेऊन बसल्या.

"खरं खरं बोल पोरी. मशीन तुजी, आवाज तुजा. मग खबर कुणाची?"

धनश्रीनं लॅपटॉप उघडला. "ताई, खबर देण्याचा हक्क कंपनीच्या पंचांना आहे. पंचाच्या फोनवरून कुणी लिहून किंवा बोलून खबर घातली, की बॉट दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना सांगतो. ही खबर काल दुपारी घातलीय, लिहून. आणि फोन आहे कासामायचा, तीही पंच आहे ना."

"कासाबाईला तर अक्षर येत न्हाई."

"तेच तर! म्हणून सगळे म्हणतात मीच आतून तिचं नाव घातलं." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "ताई, चोर म्हणून माझं नाव ठाण्यात गेलं तर पुन्हा कोण मला कामाला उभं करील? आमच्या अख्ख्या गल्लीत मी पहिली बाहेर पडलेली पोरगी आहे. माझ्यामागून निघणाऱ्या पोरींनासुद्धा घरात कोंडतील."

शीलाबाई विरघळल्या नाहीत. रडणारे चोर त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"खबर घेण्याआधी बॉट दोन प्रश्न विचारतो. नाव काय आणि जनावरं किती. राजेश्वर सरांचा हट्ट होता, म्हणाले माणसाची पक्की खातरजमा झाली पाहिजे. मी हो म्हणाले आणि प्रश्न ठेवला. पण खरं सांगू? बॉट आकडा तपासत नाही. तपासणार कशाशी? नावं नोंदवताना मी घरोघर विचारलं, तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच उत्तर, पाच-पंचवीस. अख्ख्या गावात प्रत्येकाची मेंढरं पाच-पंचवीस! मी डोक्याला हात लावला."

शीलाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं. पण पडद्यावर कालच्या खबरीपुढं होतं: नाव कासाबाई. जनावरं चोपन्न.

"हा आकडा कुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही. 'कासामायच्या फोनवरून' एवढं म्हणाले, तर सगळे अंगावरच आले."

"मग आता तोंडाला कुलूप लाव," शीलाबाई उठत म्हणाल्या. "हा आकडा तुला आन् मला, तिसऱ्याला न्हाई. तू चोर असलीस तर तुला मीच आत घालीन. नसलीस तर हाच आकडा तुला सोडवील."

३

गावात लाइट जायची ती दुपारीच. मग ज्याच्या त्याच्या फोनची रांग मल्लिकार्जुन अप्पांच्या जनावरांच्या औषधाच्या दुकानात लागायची, कारण इन्व्हर्टर तिथंच. कासाबाईचा फोनही काल दुपारभर तिथंच पडलेला. कुलूप-बिलूप काही नाही; अशा फोनला कुलूप कोण लावतं?

अप्पा कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसलेले. शीलाबाईंनी टोपण पुढं केलं तशी त्यांची विभूती घामानं ओली झाली.

"शरणार्थ, बाई!" अप्पांनी हात जोडले. "असल्या सुया म्या विकतो, टोचत न्हाई. अख्खं गाव नेतंय. त्यावरून मला धरता का?"

"धरलं कुठं? इचारायले. काल दुपारी फोनापाशी कोन कोन होतं?"

"म्या होतो. राजेश्वर सर हिशेबाला बसले होते. ती पोरगी येऊन गेली. आन् अमृत व्यापारी. त्यानं तर रांगेतला एक फोन उचललाही होता, म्हणाला माजाच वाटला."

अमृत! मेंढरांचा दलाल. नवाब मला द्या म्हणून कासाबाईच्या दारात तीनदा येऊन गेलेला आणि तिन्ही वेळा शिव्या खाऊन परतलेला. शीलाबाईंनी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं.

"कामून उचललास फोन?"

"आवं बाई, सगळ्यांचे फोन एका रंगाचे!" अमृतनं कप आपटला. "म्या नवाब मागितला, चोरला न्हाई. चोरायचा आसता तर तीनदा मागून गावभर बोभाटा केला आसता का? आज पयलं बोट माज्याकडंच वळनार, हे न कळाया म्या खुळा हाय व्हय?"

बोलणं बिनतोड होतं. पण बिनतोड बोलणारा माणूसही शीलाबाईंना संशयितच. त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "कासाबाईची मेंढरं किती रे, अदमासानं?"

अमृतनं दोन्ही कानांना हात लावले. "तुमी मेंढक्याची लेक असून असं इचारता? दुसऱ्याच्या जित्राबाचा आकडा तोंडानं काढावा का? नजर लागती, लांडगा येतो. आसत्याल पाच-पंचवीस."

शीलाबाईंना तेच ऐकायचं होतं. मेंढका उपाशी राहील, पण मेंढरांचा आकडा उच्चारणार नाही. लिहायचा तर प्रश्नच नाही. म्हणजे कासाबाईच्या नावानं चोपन्न लिहिणारा हात मेंढक्याचा नव्हता, आणि कानांना हात लावणाऱ्या अमृतचाही. मग उरले तिघं: अप्पा, राजेश्वर आणि ती रडणारी पोरगी.

राजेश्वर सर कंपनीच्या कचेरीत भेटले. परभणीचा इस्त्रीतला माणूस, बोलायला मधाळ. कंपनीचं सगळं एकहाती करायचे. सभा घ्यायचे, फोटो काढायचे, लस टोचायचे, पाहुण्यांना हार घालायचे. शीलाबाईंना त्यांनी पंख्याखाली बसवलं.

"मॅडम, मला त्या पोरीचं वाईट वाटतं. पण कायदा तो कायदा. ती मशीन पूर्णपणे तिच्या ताब्यात. मी आजवर आत डोकावलेलोही नाही. आत काय लिहिलंय, काय नाही, हे फक्त तिलाच ठाऊक."

"फक्त तिलाच?"

"फक्त तिलाच. लिहून घ्या हवं तर."

शीलाबाईंनी लिहून घेतलं. निघताना त्यांची नजर कचेरीमागच्या पेंडीच्या गोदामाकडं गेली. दाराला नवंकोरं कुलूप होतं.

"उंदीर फार झालेत," सर हसून म्हणाले.

उंदरांसाठी कुलूप? नुसत्या कुलपावर माणूस चोर ठरत नाही, आणि किल्ली मागितली असती तर सावध झाला असता. त्यांनी ठाण्यातल्या एका शिपायाला फोन केला आणि गोदामाच्या बोळात, दिसणार नाही असं उभं राहायला सांगितलं. स्वतः मात्र उलट्या दिशेला, कासाबाईच्या घराकडं गेल्या.

४

दिवस कलला तसा सटवाजी मेंढरं घेऊन आला. नवाबची बातमी त्याला रानातच कळलेली. म्हातारा खुंट्यापाशी बसला आणि मोकळं दावं हातात घेऊन गुंडाळत राहिला.

"माय," शीलाबाई कासाबाईला म्हणाल्या, "मला तुज्या मेंढरांचा आकडा पायजे."

"मेल्ये, दुखात डाग देतीस का?"

"तोंडानं न्हाई गं. माजी माय मोजायची तसा. वाटी आन, जोंधळे आन."

कासाबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. ही पोलिसीण आपल्यातलीच आहे हे तिला तेव्हा कुठं पटलं. तिनं पितळी वाटी आणली आणि मेंढरं एकेक करून आत सोडली. आत गेलं एक, वाटीत दाणा एक. शेवटचं मेंढरू आत गेल्यावर कासाबाई थांबली, एक दाणा बोटांत धरला, डोळ्याला लावला आणि तोही वाटीत टाकला. तो नवाबचा. सटवाजीनं तोंड फिरवलं.

मग भिंतीकडं तोंड करून त्यांनी दाणे मोजले. पुन्हा मोजले. बावन्न.

बॉटमध्ये चोपन्न. चुकलं तर फार चुकायला हवं होतं, नाहीतर बरोबर यायला हवं होतं. हे दोनानंच कसं चुकलं?

"माय, एवढ्यात कळपातलं काय गेलं का?"

"माज्या लेकीच्या, शालूच्या पोरीचं बारसं झालं, तवा शालूला एक दिली. आन् दुसरी लांडग्यानं नेली, माळावर."

"कवा?"

"गेल्या पंधरवड्यात की. लस टोचून झाली, त्याच्या मागून."

शीलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आकडा खोटा नव्हताच, शिळा होता! लस टोचली त्या दिवशी कळपात चोपन्नच होती. आणि त्या दिवशी एकेक मेंढरू धरून, एकेकाला सुई लावून, घरच्यांखेरीज ज्यानं ती मोजली असा माणूस गावात एकच.

"लस कुणी टोचली, माय?" त्यांनी उगाच विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

५

अप्पांच्या दुकानापुढं गाव जमलं. दिवेलागण व्हायची होती. एका बाजूला धनश्री वळकटी मांडीवर घेऊन बसलेली, दुसऱ्या बाजूला राजेश्वर सर तक्रारीचा कागद घेऊन उभे.

"मॅडम, उशीर कशाला? साहेबांची सही घ्या आणि मोकळ्या व्हा."

"घेते की," शीलाबाई म्हणाल्या. "आधी दोन गोष्टी सांगते. नवाब घरच्याबिगर कुणाला जवळ येऊ देत न्हाई. मग आरडाओरडा का झाला न्हाई? कारण त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं. हे टोपण बगा. कासाबाईनं सकाळी झाडलेल्या गोठ्यात मिळालं. या पोरीला उभ्या एडक्याला सुई लावता येती का? ती तर नवाबला भिऊन मोरीकडं जायची ते पुढच्या दारानं."

गर्दीत खसखस पिकली. सर हसले नाहीत.

"दुसरं. खबर घालणाऱ्यानं मशीनच्या प्रश्नाला कासाबाईच्या जनावरांचा आकडा लिहून दिला. मेंढका असता तर लिहिलाच नसता. नवखा असता तर वाट्टेल ते लिहिलं असतं. यानं खरा लिहिला, पण आजचा न्हाई. लस टोचली त्या दिवसाचा. त्यानंतर कळपातनं काय कमी झालं ते याला माहीतच नव्हतं. याला वाटलं, मशीन आकडा पडताळून बघती. म्हणून बिचाऱ्यानं इमानदारीनं लिहिला! गावातल्या एकानंही आपला आकडा मशीनला दिला न्हाई, आन् हा शहाणा दुसऱ्याचा देऊन बसला."

सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या. कारण लस कुणी टोचली ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

"हे काय लावलंय?" सरांचा मध आटला. "एका आकड्यावरून मला चोर ठरवता? अंदाजानं कुणीही चोपन्न लिहील!"

शीलाबाईंनी लिहून घेतलेला जबाब पर्समधून बाहेर काढला. सरांना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं तसा त्यांनी हातातला कागद घडी घालून खिशात कोंबला.

"चोपन्न," शीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्या तर आकडा बोललेच न्हाई, सर. या पोरीनंही कुणाला सांगितला न्हाई. आन् तुमी तर मशीनमध्ये कधी डोकावलाच न्हाईत. तुमच्या तोंडचं लिहून घेतलंय माज्याकडं. मग तुमाला कुठनं कळला?"

तेवढ्यात कासाबाई पुढं झाली. "आकडा-बिकडा जाऊ द्या चुलीत! माजा नवाब कुठं हाय?"

"उंदरांच्या खोलीत," शीलाबाई म्हणाल्या. "काढा किल्ली, सर. बोळात आमचा शिपाई दुपारपासून उभा हाय."

गोदामाचं दार उघडलं. पेंडीच्या पोत्यांमागं नवाब पाय मुडपून पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. कासाबाईनं नुसती जिभेनं टकटक केली, बाटलीच्या दुधाच्या वेळी करायची तशी. एडक्याचे कान हलले. धडपडत उठला. आणि दारात राजेश्वर दिसताच शिंगं खाली घालून धावला! पण गुंगी उतरली नव्हती. धडक सरांना न लागता दाराला लागली. एवढ्या ताणातही गाव खो खो हसलं, आणि सर्वांत मोठ्यानं अमृत.

जिंतूरकडच्या एका बड्या फार्मवाल्याला सरांनी हा वाण परस्पर कबूल केलेला. रात्री टेम्पो यायचा होता. आता टेम्पोऐवजी ठाण्याची जीप आली.

धनश्रीनं वळकटी काखेला मारली. "जाते मी. शेवटची एसटी मिळेल."

कासाबाई नवाबच्या गळ्यात हात टाकून उभी होती. गावासमोर रस्त्यावर फेकलेली वळकटी आता कोणत्या तोंडानं परत मागायची? माफी मागायची सवय त्या बाईला नव्हती, आणि तिचे शब्द तर सगळे शिव्यांतच संपलेले. ती पुढं आली, वळकटी हिसकून घेतली, धनश्रीला दंडाला धरून बाजूला नेलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. एकच शब्द असावा; बोट मात्र मेंढरांच्या गोठ्याकडं होतं. धनश्रीचे डोळे भरून आले. पाठोपाठ कासाबाई वळकटी घेऊन घराकडं चालायलाही लागली, मागं नवाब झोकांड्या खात.

शीलाबाईंच्या संशयी जिवाला राहवलं नाही. "काय गं, काय सांगितलं मायनं?"

धनश्रीनं पदरासारखी ओढणी सावरली आणि डोळे पुसले.

"काही नाही ताई," ती म्हणाली. "पाच-पंचवीस."